हेटी शोरॉकचं एक मिनिट

हेटी शोरॉक चाळीस वर्षं माझ्या समोरच्या घरात राहिली. खरं बोलली ती आयुष्यात एकदाच, तेही आवाज न काढता, आणि त्याने तिच्या संसाराची राखरांगोळी झाली. संसार म्हणजे काय, ती आणि मॅव्हिस, एवढाच. त्या दिवशी तिला तिथे पाठवणारी मी होते. म्हणून हे मीच लिहायला हवं. दुसऱ्या कुणी लिहिलं तर तिला बावळट ठरवतील, आणि हेटी बावळट नव्हती.

आमच्या अल्मा स्ट्रीटवरची सगळी घरं गिरणीत जाणाऱ्यांची. हेटी चौदाव्या वर्षी मागावर उभी राहिली. विसाव्या वर्षी चार माग एकटी सांभाळत होती आणि तिच्या कापडात खोट काढायची मुकादमाची छाती होत नव्हती. मधे एक खंड पडला. अठराव्या वर्षी तिची 'छाती बिघडली' म्हणून आईने तिला समुद्रकाठी आत्याकडे धाडलं. पाच महिन्यांनी परत आली ती वाळून कोळ झालेली, आणि त्याच आठवड्यात तिच्या चव्वेचाळीस वर्षांच्या आईच्या मांडीवर एक मुलगी दिसायला लागली. आई म्हणाली, "उतारवयातलं देवाचं देणं, दुसरं काय." आम्ही म्हटलं, "अभिनंदन." गल्लीतल्या निम्म्या बायकांना महिने मोजता येत होते. पण आमच्याकडे अशा गोष्टी ठाऊक असतात, बोलल्या जात नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मुलगी म्हणजे मॅव्हिस. ती हेटीला हेटीच म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. तिच्या पायात नवे बूट असायचे आणि हेटीच्या बुटांना चौथ्यांदा तळ लावलेला. हेटीला दोघांनी मागणी घातली. त्यातला एक चांगला होता, ट्रामवर काम करायचा. दोघांनाही तिने नाही म्हटलं. मी तेव्हा तिला झापलं होतं, "अगं, बहिणीपायी कुणी जन्म वाया घालवतं का?" ती म्हणाली, "माझा जन्म आहे आयडा, मी बघून घेईन." मीही मुद्दामच 'बहीण' म्हटलं होतं. आता त्याची लाज वाटते.

आई वारली तेव्हा मॅव्हिस तेरा वर्षांची होती. पुढे तीही गिरणीत लागली, हेटीच्या समोरच्या मागांवर. विसाव्या वर्षी तिचं को-ऑपच्या दुकानातल्या क्लिफर्डशी जमलं. कारकून मुलगा, नखं स्वच्छ, बोलणं जरा नाकातून, पण तिच्यावर जीव टाकायचा. साखरपुडा झाला त्या रविवारी हेटी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि वीस वर्षांत प्रथमच तिने तो विषय काढला.

"लग्न झालं की मी सांगणार आहे तिला," ती म्हणाली. "तिच्या स्वतःच्या घरात, दार लावून. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आधी."

"आत्ताच का नाही सांगत?"

"त्या लोकांनी लग्न मोडलं तर? चॅपेलवाली कर्मठ माणसं आहेत, आयडा. वसंतात लग्न आहे, तोवर थांबते. वीस वर्षं थांबले, सहा महिन्यांनी काय होतंय?"

सहा महिन्यांनी काय होतं ते आम्ही दोघींनी नंतर पाहिलं.

आता आमच्या बोलण्याबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. विणाईच्या खात्यात सहाशे माग एकदम धडधडत असतात. स्वतःचा आवाज स्वतःला येत नाही. म्हणून आम्ही ओठांनी बोलतो, तोंड मोठं करून, प्रत्येक शब्दाला ओठांचा पुरेपूर आकार देऊन. याला आमच्याकडे मीमॉ म्हणतात. तीस फुटांवरून आम्ही पाककृती सांगतो, शिव्या देतो, सासूचं मरण सांगतो. समोरची बघत असली की ऐकत असते. तिने नजर वळवली की संपलं. गिरणीबाहेरही सवय सुटत नाही. बाईच्या आजारपणाचं काही असलं, कुणाचं पाऊल घसरल्याचं असलं, की आवाज आपोआप बंद होतो आणि नुसते ओठ हलतात. आमच्या नवऱ्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यामुळे चारचौघांत बसूनही आमचं खासगी राहतं असं आम्हाला वाटायचं.

आणि टीव्ही. गल्लीत राणीच्या राज्याभिषेकाच्या वेळी घेतलेले तीन संच होते. पण जाहिरातीवाली नवी वाहिनी आली तेव्हा तिच्यासाठी वेगळा डबा आणि छपरावर वेगळा अँटेनाचा सांगाडा लागायचा. तो खर्च फक्त माझ्या नवऱ्याने, वॉल्टरने केला, कारण त्याला कुस्ती बघायची होती. मग काय, आमची बैठकीची खोली म्हणजे धर्मशाळा झाली. मंगळवारी हॉस्पिटलची मालिका, रविवारी लंडनच्या थिएटरातली नाचगाणी. बायका खुर्च्या घेऊन यायच्या. चॅपेलचे पाद्री म्हणायचे की ही वाहिनी म्हणजे साबण विकणाऱ्यांचा बाजार. असेल. पण जुन्या वाहिनीवरचे लोक आमच्याशी बोलायचे ते डॉक्टरने पेशंटशी बोलावं तसे, आणि या वाहिनीवर आमच्यासारखी माणसं दिसायची, बक्षिसं घेऊन घरी जायची.

शुक्रवारी आठ वाजता 'ठेवता की सोडता' लागायचं. पाच प्रश्नांची उत्तरं दिली की बक्षीस. मग शेवटचं एक मिनिट: मिळालेलं बक्षीस ठेवायचं, की सोडून पडद्यामागचं घ्यायचं? पडद्यामागे कधी मोटारगाडी असायची, कधी नुसता शलगम. त्या मिनिटभर अख्खं थिएटर बेंबीच्या देठापासून ओरडायचं. निम्मे "ठेव!", निम्मे "सोड!". सगळं थेट, जसं घडतंय तसं.

हेटी माझ्या खोलीत बसून प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची. लायब्ररीतला नकाशांचा मोठा ग्रंथ तिने इतक्यांदा आणला होता की ग्रंथपाल म्हणायचा, तुम्हीच ठेवून घ्या. जगातल्या नद्या तिला पाठ होत्या, आणि मँचेस्टरच्या पलीकडे ती दोनदा गेली होती. मीच एक दिवस पोस्टकार्ड आणलं, तिचं नाव लिहिलं आणि पेटीत टाकलं. महिन्याने उत्तर आलं तेव्हा ती माझ्यावर उखडली.

"मी? लंडनला? हे हात घेऊन?"

"हातमोजे घाल."

"अन् बोलायची वेळ आली की?"

"नद्यांची नावं सांगायचीत गं, भाषण नाही करायचं."

मॅव्हिस तिच्या गळ्यात पडली. "जा ना हेटी! अल्मा स्ट्रीटवरचं कुणी टीव्हीवर गेलंय का कधी?" मॅव्हिसने सांगितल्यावर हेटी कशालाही तयार होत असे. सोबतीला शेजारच्या मागावरची ऑलिव्ह टॅटरसॉल गेली. ऑलिव्ह मनाने सोन्यासारखी, पण तिच्या पोटात काही राहत नसे, म्हणून हेटीने तिला कधी काही सांगितलं नव्हतं.

त्या शुक्रवारी माझ्या खोलीत अकरा जण होते. वॉल्टर आणि क्लिफर्ड सोडले तर सगळ्या मागावरच्या बायका. मी हॅमचे सँडविच केले होते, आल्याचा केक होता, आणि माझ्या आईने ठेवलेले चांगले कप मी काढले होते. मॅव्हिस कोचावर बरोबर मधे, क्लिफर्डच्या शेजारी. हेटी पडद्यावर आली तेव्हा आम्ही अशा किंचाळलो की वॉल्टरने कानांवर हात ठेवले.

कार्यक्रमवाल्या त्या डेस्मंड फेनने दात दाखवत विचारलं, "मिस शोरॉक, मुलंबाळं?"

"नाही, सर," हेटी म्हणाली. थिएटर हसलं, कारण ती 'मिस' होती. ती नाही हसली.

पाचही उत्तरं तिने दिली. शेवटची नदी सांगितली तेव्हा फेनसुद्धा जरा चपापला. बक्षीस होतं शयनगृहाचं आख्खं फर्निचर: अक्रोडी लाकडाचा पलंग, कपाट, आरशाचं टेबल. मॅव्हिस टाळ्या पिटत म्हणाली, "अगं, ठेव! ठेव!" जणू काही हेटीला ते ऐकू जाणार होतं. मग घड्याळ सुरू झालं, थिएटर ओरडायला लागलं, आणि कॅमेरा हेटीच्या चेहऱ्यावर येऊन थांबला. चेहरा पडदाभर.

हेटी प्रेक्षकांत ऑलिव्हला शोधत होती. सापडली हे तिच्या डोळ्यांवरून आम्हाला कळलं. ऑलिव्ह काय म्हणाली ते आम्हाला दिसलं नाही, ते तिने मला नंतर रडत सांगितलं. ती मीमॉमध्ये म्हणाली होती, "पडदा घे! मोटार असेल! जन्मभर बहिणीसाठीच करणार का? एकदा तरी स्वतःसाठी घे!"

त्या गोंगाटात हेटीला वाटलं असणार की आपण मागांपुढे उभ्या आहोत. समोर एक ओळखीचं तोंड, बाकी सगळे लंडनवाले, त्यांना काय कळतंय. कॅमेरा म्हणजे कोपऱ्यातलं कसलं तरी यंत्र. ते तिच्याकडे बघतंय की फेनकडे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचे ओठ हलले. मोठे, स्वच्छ, नेहमीसारखे.

"बहीण नाही गं ती. माझी आहे. माझ्या पोटची आहे मॅव्हिस. तिच्या लग्नाला पलंग नको का?"

मी बटण बंद करायला उठले. उठून काय उपयोग होता? खोलीतल्या प्रत्येक बाईने ते शब्द वाचले होते. आगगाडीसारखा गलका चालला होता त्या डब्यातून, आणि आमच्या खोलीत एक कप बशीला लागल्याचा आवाज झाला नाही.

"काय म्हणाली ती?" क्लिफर्डने हसत विचारलं. "ओठ हलवत होती काहीतरी."

मी वॉल्टरकडे बघितलं, तो पाइप भरत होता. देवा, पुरुषांचं किती बरं असतं.

मग मॅव्हिसच म्हणाली, "काही नाही. पलंग ठेवू का विचारतेय."

पडद्यावर हेटीने मोठ्याने "ठेवते" म्हटलं, टाळ्या पडल्या, आणि लगेच जाहिरात लागली. एक बाई पांढऱ्याशुभ्र चादरी वाळत घालत गात होती. मॅव्हिस उठली, सगळ्यांचे कप गोळा करून स्वयंपाकघरातल्या मोरीशी गेली आणि धुवायला लागली. अकरा कप आणि अकरा बश्या. मी म्हटलं, "राहू दे पोरी, मी करते." ती म्हणाली, "चांगले कप आहेत, आयडा, पुसूनच ठेवायला हवेत." एकेक कप तिने पुसला, कपाटात ठेवला, कोट घातला आणि क्लिफर्डला म्हणाली, "चल, मला डोकं दुखतंय." त्या रात्री ती समोरच्या घरात गेलीच नाही.

शनिवारी दुपारी हेटी स्टेशनवरून चालत आली. पोरं तिच्यामागे ओरडत होती. बायका मात्र पडद्याआड. माझ्या दारात उभी राहून ती हसत होती. असं हसताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच. हातात मॅव्हिससाठी लंडनहून आणलेला रेशमी रुमाल.

"पाहिलंत ना? कशी दिसले मी? मॅव्हिस कुठाय?"

"आत ये आधी."

"अगं, मॅव्हिस कुठाय?"

"मैत्रिणीकडे गेलीय राहायला. हेटी, तू काय बोललीस ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं."

"मी कुठे काय बोलले? नद्यांची नावं तर—"

"ऑलिव्हशी. त्या मिनिटात."

"आवाजच नव्हता काढला मी," ती म्हणाली. मग पुन्हा, हळू, "आवाज नव्हता काढला, आयडा." मी मान हलवली. तिने हातातला रुमाल घडी करून टेबलावर ठेवला, मग खुर्चीचा काठ धरून खाली बसली. मी आजवर बऱ्याच मृत्यूंच्या बातम्या सांगितल्या आहेत. त्यातली एकही इतकी जड गेली नाही.

सोमवारी गिरणीत दोघी समोरासमोरच्या मागांवर. हेटी ओठांनी हाका मारत होती: मॅव्हिस, एकदा बघ. मॅव्हिस, ऐक. मॅव्हिस धोटा बदलत होती, तुटलेला धागा जोडत होती, कापडावरून नजर उचलत नव्हती. आमच्याकडे कान झाकावे लागत नाहीत, खाली बघितलं की पुरतं. असं आठवडाभर चाललं. दुसऱ्या सोमवारी मॅव्हिसने मुकादमाला सांगून खात्याच्या दुसऱ्या टोकाचे माग मागून घेतले.

कपडे न्यायला ती एकदा आली. हेटीने मला बोलावून घेतलं होतं, एकटीला धीर होत नव्हता. मॅव्हिस जिन्याच्या पायरीशी पेटी घेऊन उभी राहिली.

"आईच्या थडग्यावर मी दर रविवारी फुलं ठेवते," ती म्हणाली. "ती माझी कोण?"

"आजी," हेटी म्हणाली.

"आणि बाप?"

"युद्धात गेला. त्याला ठाऊकच नव्हतं."

"म्हणजे मला एकटीलाच नाही, त्यालाही नाही सांगितलंस. बरं."

"तुला सांगणारच होते गं. लग्न झाल्यावर."

"म्हणजे मला मागे फिरता येणार नाही तेव्हा."

"तसं नाही, मॅव्हिस—"

"ऑलिव्हला सांगितलंस. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही तिला. अख्ख्या गल्लीला सांगितलंस. मी आयडाच्या कोचावर कप घेऊन बसले होते आणि आठ जणी माझ्याकडे न बघण्याची धडपड करत होत्या. तुला कल्पना आहे?"

"मला वाटलं कुणाला दिसत नाही."

"मला दिसलं," मॅव्हिस म्हणाली, आणि पेटी उचलून गेली.

मी मधे बोलले नाही. बोलायला हवं होतं. 'पोरी, तुझ्यासाठी ती बाई झिजली,' एवढं तरी. पण पोस्टकार्ड माझं, खोली माझी, टीव्ही माझा. कुठल्या तोंडाने बोलणार?

लग्न झालं. क्लिफर्डला तिनेच सांगितलं, आणि तो हलला नाही. म्हणजे हेटीची सहा महिन्यांची भीतीही फुकटच होती. हेटीला निमंत्रण आलं, बहीण म्हणून. चॅपेलमध्ये तिला पहिल्या बाकावर बसवलं, फोटोत मात्र कडेला. फर्निचर लॉरीतून आलं तेव्हा मॅव्हिसने निरोप धाडला की खोली लहान आहे. पलंग वरच्या खोलीत तसाच राहिला, आवरणाचा कागदही न काढता. हेटी शनिवारी त्यावरची धूळ पुसायची, कागदावरची. पुढच्या वर्षी ती दोघं ऑस्ट्रेलियाला निघाली. सरकार माणसं नेत होतं, भाडं नावापुरतं. स्टेशनवर मॅव्हिसने हेटीच्या गालाला गाल लावला, जसा माझ्याही गालाला लावला. तेवढाच आणि तसाच.

त्यानंतर गिरणी बंद झाली. मागांवर घण घालून ते भंगारात काढले, आणि त्याचे मालकाला सरकारकडून पैसे मिळाले. हेटी बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरायला लागली. तिथे शांतता होती, बायका गप्पा मारायच्या. हेटीला गप्पा जमेनात. नकाशांचा ग्रंथ तिने पुन्हा कधी आणला नाही. माझ्याकडे टीव्ही बघायला यायची नाही, आणि मी बोलवायचेही नाही. आम्ही स्वयंपाकघरात बसायचो. दर महिन्याला ती मॅव्हिसला पत्र लिहायची. चार वर्षांत उत्तर एकदाही आलं नाही.

मग एका नाताळला पाकीट आलं. हेटी कोट न घालता रस्ता ओलांडून धावत आली. "मॅव्हिसचं! आयडा, मॅव्हिसचं अक्षर!" पाकीट तिने माझ्या हातात कोंबलं, मीच फोडलं. आत एक फोटो होता, उन्हात डोळे बारीक केलेली दीड-दोन वर्षांची मुलगी. हनुवटी थेट हेटीची. सोबत एक कार्ड, आणि त्यात मॅव्हिसच्या सुबक अक्षरात एकच ओळ.

"वाच," हेटी म्हणाली. "मोठ्याने वाच."

मी ती ओळ आधी मनातच वाचली. वाटलं, काहीतरी दुसरंच वाचावं. पण या बाईशी आयुष्यभर सगळे खोटंच बोललो होतो, आणखी एकाची काय गरज. मी वाचलं:

"हेटी मावशीला, रूथकडून नाताळच्या शुभेच्छा."

हेटीने कार्ड माझ्या हातातून घेतलं. बराच वेळ ती त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. मी म्हटलं, "रागावलीय अजून पोर. येईल भानावर."

"नाही गं," ती म्हणाली. "राग नाहीये यात. वीस वर्षं मीच शिकवलं तिला, आईला काय म्हणायचं ते. आता ती तिच्या लेकीला शिकवतेय."

तिने फोटो कोटाच्या खिशात ठेवायला हात नेला, कोट अंगावर नव्हता. तेव्हा कुठे ती रडली.